हॉलमध्ये उभे असलेले दोघे

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो नावाजलेला हवा, आणि लिहिणाराही थोडाफार तसा हवा. इथे दोन्ही बाजूंनी अडचण आहे. मी मनोरीची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवावं आणि "बरं झालंय का" असं विचारावं, अशी सोय नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लिवलंस ना, मंग चांगलाच आसंल." एवढ्या भांडवलावर मी हे धाडस करते आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या काकांना कळलं तर ते म्हणतील, लिहिलं म्हणजे आवाज गेलाच, उरला तो कागद. त्यांचं नाव मी देत नाही. ते हयात आहेत, आणि नावात काही बिघडलं तर दोष नेमका कशात आहे ते शोधायला बसतील.

काका आणि काकू नाहूरला राहत, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मालाडच्या बाजारात आईकडून मासे घेणारी एक जुनी गिऱ्हाईक होती, ती काकूंची बहीण. मला हवा तो विषय मुलुंडच्या कॉलेजात मिळाला होता. मनोरीहून आधी बोट, मग बस, मग पुढचं सगळं, असं करत मुलुंड गाठायचं म्हणजे सोमवारचं लेक्चर मला मंगळवारी मिळालं असतं. बहिणीने काकूंना सांगितलं, काकूंनी काकांना सांगितलं, आणि त्यांच्या आतल्या खोलीत माझी राहायची सोय झाली.

काकांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही. मी बॅग घेऊन दारात उभी होते. त्यांनी माझ्या तोंडासमोर एक टाळी वाजवली.

"काय ऐकू आलं?"

"टाळी," मी म्हणाले.

"आणि टाळीनंतर?"

"काही नाही."

"तेच तर." त्यांनी काकूंकडे बघितलं. "पडदे काढल्यापासून टाळीला एक शेपूट आलंय. हिला ऐकू येत नाही. येईल हळूहळू. कान तयार व्हावे लागतात."

मी मान हलवली. शहरात शिकायला आलो की आपल्याला काय काय येत नाही ते आधी कळतं, एवढं मला ठाऊक होतं. त्या यादीत कान असतील असं मात्र वाटलं नव्हतं.

हॉलमध्ये माणसांसाठी एक खुर्ची होती. बाकी सगळा हॉल त्या दोघांचा. दोघे म्हणजे स्पीकर. जमिनीवर उभे राहणारे, माझ्या छातीला लागतील एवढे उंच, गडद लाकडाचे. खाली टोकदार पाय, पायांखाली काळ्या दगडाच्या लाद्या. भिंतीपासून दोन-तीन पावलं पुढे, खुर्चीकडे किंचित वळलेले. पाहुणी मंडळी लग्नात नवरा-नवरीकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत, कारण बसायला दुसरं काही नव्हतंच. सोफा काकांनी कधीच काढून टाकला होता. सोफा आवाज खातो म्हणे. काकू आपल्या मालवणीत म्हणायच्या, "सोफा आवाज खायचा, आता हे दोघे हॉल खातत."

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा घोळ मासा घेऊन आली होती. तिने हॉलभर नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं. माझ्या आईचं हळूच म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतकंच.

"बाय, ही दोन कपाटं भितीला लावून का नाय ठेवलीत? येता-जाता लागत्यात ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काका खूश झाले. "तुझ्या आईचा आवाज बघ," ते मला म्हणाले. "कुठेही दाबलेला नाही. असा आवाज हल्ली रेकॉर्डिंगमध्ये मिळत नाही." आईने पुढे कितीतरी दिवस ही तारीफ गावात सांगितली. तारीफ कसली ते तिला कळलं नव्हतं, मलाही नाही.

आतली खोली माझी, असं म्हणायचं. खरं तर ती खोक्यांची होती. काकांनी जे जे विकत घेतलं त्याचं खोकं आतल्या थर्माकोलसकट जपलेलं होतं. खोक्याशिवाय वस्तूला पुढे विकताना कुणी विचारत नाही, हा ह्या छंदातल्या मंडळींचा नियम. स्पीकरची दोन खोकी माझ्याहून उंच होती. ती माझ्या पलंगाच्या दोन्ही अंगांना उभी असत. मी रोज त्यांच्या मधोमध झोपायचे. काकांच्या मते घरात आवाज ऐकायला सगळ्यात योग्य जागा हीच, फक्त स्पीकर आत नव्हते एवढंच.

आता मॅचिंगबद्दल. हा शब्द मी तोवर फक्त ब्लाउजच्या संदर्भात ऐकला होता. काकांचं म्हणणं असं, की चांगला स्पीकर विकत घेणं हे कुणीही करेल. त्याच्याशी जुळणारा ॲम्प्लिफायर मिळवणं, म्हणजे त्याला ताकद देणारं यंत्र, आणि दोघांना जोडणारी तार, आणि ते सगळं जिथे नांदेल ती खोली, ही खरी तपश्चर्या. "हे स्पीकर म्हणजे मोठ्या घरची मुलगी," ते सांगत. "अर्धं जेवण दिलंस तर तक्रार करणार नाही. पण हसणारही नाही." मुलीसाठी त्यांनी किती स्थळं पाहिली त्याला हिशोब नाही. काचेच्या दिव्यांचा एक ॲम्प्लिफायर आला, तो फार गोड निघाला. दुसरा आला, तो इतका जड होता की चौघांनी वर आणला आणि चौघांपैकी दोघे परत कधी आले नाहीत. त्याला दम होता पण माया नव्हती. तिसऱ्याला माया होती, दम होता, पण स्पीकरशी त्याचं पटेना. काकूंच्या स्वतःच्या लग्नाला दोन आठवड्यांत होकार आला होता, हे त्या अधूनमधून सांगत. काका म्हणत, "तेव्हा मला अनुभव नव्हता."

तारा जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत, हा आणखी एक नियम. जमिनीतून काहीतरी थरथर तारेत शिरते. बाहेर ह्यासाठी खास लाकडी ठोकळे मिळतात, पण काकांनी दिवाळीच्या पणत्या पालथ्या घालून त्यावर तारा ठेवल्या. दिवाळीत काकू नव्या पणत्या आणायच्या आणि लपवून ठेवायच्या. तरी दोन-चार कमी पडायच्याच, कारण तोवर एखादी नवी तार आलेली असायची.

आणि ह्या एवढ्या थाटावर काका काय ऐकत, तर एका भजनाचा सुरुवातीचा तुकडा. बाई श्वास घेते, तबला सुरू होतो, मग मागे कुठेतरी एक झांज वाजते. झांज वाजली की काका गाणं थांबवत, एखादी तार बदलत आणि परत श्वासापासून सुरू करत. "गाणं ऐकायचं नसतं," ते मला समजावत. "गाण्याच्या मागची जागा ऐकायची." मी तिथे होते तेवढ्या काळात ते भजन पुढे कसं जातं ते मला कळलं नाही. काकूंनी एकदा विचारलं होतं, की ह्या बाईला देव शेवटी भेटतो की नाही.

रविवारी दोन माणसं येत. एक मुलुंडचे दातांचे डॉक्टर, दुसरे घाटकोपरचे हार्डवेअरवाले शेठ. दोघांकडे काकांपेक्षा भारी सामान होतं, पण कान काकांचे. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर तारांवरची खरखर ऐकून दोष नेमका कुठल्या गल्लीत आहे ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे अंधेरी-बोरिवलीपर्यंतचे लोक नवीन काही घेतलं की आधी काकांना ऐकवत. काही जण तर नुसता आलेख पाठवत. यंत्र खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत कसं वाजतं त्याची एक रेघ असते, डावीकडून उजवीकडे जाणारी. ह्या मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी नाव झाकून रेघ टाकायचं आणि काका चहाचा कप खाली न ठेवता निकाल द्यायचे. "उजवीकडे घसरलाय. वरचे सूर नाहीतच. घेऊ नका." समोरच्याने बहुतेक घेतलेलाच असायचा.

रविवारच्या बैठकीत एक शिस्त होती. गाणं लागलं की कुणी बोलायचं नाही, चहाचा घोट घ्यायचा नाही. काका खुर्चीत, डॉक्टर आणि शेठ मागे सतरंजीवर. झांज वाजून गाणं थांबलं की काका डोळे मिटून बसत. काका आधी बोलत. मग त्यांनी जे म्हटलं त्याच्या थोडं अलीकडचं डॉक्टर म्हणत आणि थोडं पलीकडचं शेठ म्हणत. मतभेद असे कधी झाले नाहीत. मी कॉलेजात चर्चासत्रं पाहिली आहेत, तिथेही मला ह्याहून वेगळं काही दिसलेलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगायला हवं. मी आले तेव्हा हॉलला पडदे नव्हते, कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गाद्या काढलेल्या होत्या, जाजम गेलं होतं. काकू म्हणाल्या, पूर्वी हे सगळं होतं. गेल्या काही वर्षांत काकांना वरचे सूर मंद वाटायला लागले. झांज पूर्वीसारखी चमकत नाही. म्हणून आधी गोड ॲम्प्लिफायर गेला आणि खणखणीत आला. मग तांब्याच्या तारा जाऊन चांदीचा मुलामा दिलेल्या आल्या. मग पडदे, गाद्या, जाजम. प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी टोकदार झाला. मी ऐकलं तोवर ती झांज स्टीलचं ताट फरशीवर पडल्यासारखी वाजायची. काकू रविवारी कानात कापूस घालून पोळ्या लाटायच्या. काका मात्र खुर्चीत पुढे झुकून म्हणायचे, "अजून झाकलेलं आहे. कुठेतरी एक बुरखा आहे."

बाकीही काही गोष्टी होत्या. दाराची बेल बिघडली आहे असं त्यांचं मत होतं. दूधवाला आणि मी जिन्यात उभे राहून ती बिघडलेली बेल ऐकत असू. हल्लीच्या मुली शब्द गिळतात, असंही त्यांचं मत होतं. आणि नाहूरमधले डास संपले. ह्याचं श्रेय ते मोकळेपणाने महापालिकेला देत. "झोपताना कानाशी गुणगुण यायची बघ, ती बंदच झाली." हे सांगताना ते दंडावर डास चावलेल्या जागी खाजवत असत.

एका रविवारी शेठ नवा ॲम्प्लिफायर घेऊन आले. खास मागवलेला, त्यांच्याकडे जुळेना म्हणून काकांकडे जोडून बघायचा होता. जोडला. गाणं अजून लावलेलं नव्हतं, आणि दोन्ही स्पीकरमधून एक बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी यायला लागली. मी आतल्या खोलीत निबंध लिहीत होते. आधी वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय. बाहेर आले तर काका खुर्चीत, डोळे मिटलेले. डॉक्टर आणि शेठ सतरंजीवर. डॉक्टर त्यातल्या त्यात सुखात होते, दात कोरायच्या यंत्राची त्यांना सवय असेल. शेठचे खांदे कानापर्यंत आले होते.

काकांनी डोळे उघडले. "वा," ते म्हणाले. "ही शांतता ऐका. गाण्याच्या आधीची. अशी काळीभोर शांतता ह्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती."

शिट्टी चालूच होती. शेठनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी भिंतीकडे.

"एकदम शांत, सर," डॉक्टर म्हणाले.

"बहोत शांत," शेठ म्हणाले. "इतना शांत तो मेरे घर में भी नही था, म्हणून तर आणला."

स्वयंपाकघरातून काकू आल्या, हात पिठाचे, एका कानात कापूस. "अहो, ता काय किंचाळता?"

"काय किंचाळतंय?"

"ह्या. ह्या काय इइइ करता ता."

काकांनी पाहुण्यांकडे बघितलं. मला वाटलं आता कुणीतरी सांगेल. दोघांची मिळून वयं, शिक्षण, दुकानं, दवाखाने एवढं सगळं सतरंजीवर बसलेलं होतं.

"शेजारी मिक्सर लावला असेल, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

"हां, मिक्सरच," शेठ म्हणाले. "चटणी."

तो ॲम्प्लिफायर आठवडाभर आमच्याकडे राहिला. शेठना परत न्यायची घाई नव्हती. काका जेव्हा तो लावत तेव्हा काकू देवळात जात आणि मी कॉलेजच्या लायब्ररीत. त्या आठवड्यात माझा अभ्यास फार चांगला झाला.

त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही मांदेली साफ करत बसलो होतो. काका बँकेत गेले होते. काकूंनी स्वतःहून विषय काढला.

"ऐकू येणा कमी झालाहा त्यांका. तुका कळला असतला."

मी हातातल्या मांदेलीचं डोकं मोडलं.

"सासरे माझे गिरणीत साळखात्यात होते. मागांचा आवाज. चाळिशीत कान गेले. चाळीतली पोरां त्यांच्यासमोर नुसती तोंडा हलवायची, आवाज न काढता. मामंजी आपले 'काय? काय?' करत पुढे व्हायचे. पोरां हसायची. हे पण त्या हसणाऱ्या पोरांतच होते, गो चेडवा. स्वतःच्या बापाक." काकूंनी एक मांदेली उलटी करून बघितली. "लग्न झाल्यावर माका म्हणाले, माझा काय पण होऊ दे, पण माझ्यासमोर कोण तसा तोंड हलवूक नको. मग मी कसा सांगू?"

"डॉक्टरकाका सांगतील," मी म्हणाले.

"तो दातांचो," काकू म्हणाल्या.

काकांनी मात्र आपल्या परीने शोध पूर्ण केला. ॲम्प्लिफायर बदलून झाले, तारा बदलून झाल्या, खोली रिकामी करून झाली. राहिले कोण, तर ते दोघे. एका सकाळी ते स्पीकरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग आम्हाला बोलावून सांगितलं, की स्पीकर म्हातारे झाले. वरचे सूर वाजवणारा त्यातला तो छोटा गोल असतो ना, तो थकला. नवीन मिळत नाही, कंपनीने बनवणं बंद केलं. "दुसऱ्याला चालतील. सगळ्यांना कुठे कळतं. मी विकून टाकतो." हे सांगताना त्यांनी एका स्पीकरवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, आता नवीन काही घ्यायचं नाही, गाणं खूप झालं.

काकूंनी ऐकलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. थोड्या वेळाने पाहिलं तर त्या टेप घेऊन हॉलची भिंत मोजत होत्या. "सोफा येतला हय," त्या म्हणाल्या, आणि मग टेप तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

बोरिवलीहून एक तरुण मुलगा आला, सॉफ्टवेअरमधला, बरोबर बायको. मुलाने खोकी आहेत का हे आधी विचारलं. माझ्या खोलीत येऊन त्याने खोक्यांवरून हात फिरवला, पलंगावर मी बसले होते तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. मग हॉलमध्ये काकांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. श्वास, तबला, झांज. झांज वाजताच मुलाने डोळे घट्ट मिटले आणि त्याच्या बायकोने कानावर हात ठेवला.

"काका, फार टोचतंय हो," मुलगा म्हणाला. "स्पीकर झकास आहेत, पण वर एवढं शार्प का ठेवलंय?"

"टोचतंय?" काका म्हणाले. "मला तर मेलेलं वाटतं."

"मेलेलं नाही काका, उलट. पण घरी नेल्यावर करू ॲडजस्ट. मी घेतो."

"आपल्या हॉलमध्ये हे ठेवायचे कुठे?" बायकोने विचारलं. त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, तसं कधीच देत नाहीत.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हॉल परत मिळायला त्यांना आता फक्त गप्प राहायचं होतं. इतकी वर्षं त्या हॉलसाठी भांडल्या होत्या, आणि आता तर भांडायचीही गरज नव्हती.

"विकू नकात," त्या म्हणाल्या.

"अगं, ते म्हातारे झालेत."

"स्पीकरांका काय एक झाला नाय. तुमचे कान गेले."

बोरिवलीची बायको कानावरचा हात काढत होती, तो तिने तसाच ठेवला. मुलगा खुर्चीतून उठू की नको अशा अवस्थेत अर्धा उठला.

"तुला काय कळतं ह्यातलं?" काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"माका तुमच्या आवाजातला काय कळत नाय. पण दाराची बेल वाजता ता कळता. डास चावतत ते कळतत. तो शेठाचो डबो आठ दिवस कोकलत होतो, ता बिल्डिंगीतल्या मांजराक पण कळला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय गं पोरी. बेल वाजते?"

मला खूप काही सांगता आलं असतं. वयानुसार काय होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, वगैरे. मी शिकलेली होते. मी म्हणाले, "वाजते, काका."

ते हॉलच्या मधोमध उभे राहिले, दोन स्पीकरच्या बरोबर समोर. मग त्या मुलाला म्हणाले, "तपासून येतो. माझ्या कानात दोष निघाला नाही तर स्पीकर तुझे. टेम्पो सांगून ठेव." त्यांना खात्री होती. टेम्पो लागेल असं आम्हा दोघींना मात्र वाटत नव्हतं.

कानाच्या दवाखान्यात जायला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिला नंबर येणार हे ठाऊक असलेला मुलगा परीक्षेला जातो तसे ते निघाले. काकूंनी मलाही बरोबर घेतलं. तपासणीच्या त्या छोट्या बंद खोलीत शिरताच काकांनी टाळी वाजवली. "खोली बरी आहे," ते तपासणाऱ्या मुलीला म्हणाले. "थोडी मेलेली आहे, पण बरी." मग तिने दिलेला हेडफोन उलटसुलट करून बघितला. "ह्यावर कान तपासता? ह्याची तार बघ कसली आहे."

"काका, आवाज आला की बटण दाबायचं, बस," ती म्हणाली.

आम्ही काचेच्या बाहेर बसलो. आधी काका पटापट बटण दाबत होते, काही वेळा तर ऐटीत. मग अंगठा थांबला. ती मुलगी आपलं यंत्र फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती. काका पुढे झुकून बसले होते, डोळे मिटलेले, अगदी रविवारसारखे, आता सुरू होईल म्हणून वाट बघत. काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"काका, बटण," मुलीने आत खूण केली.

"वाजू तर दे," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मशीन मध्येच बंद पडतं तुमचं. तार लूज असेल. तपासून घ्या." मुलीने मान हलवली आणि कागद घेऊन आत डॉक्टरांकडे गेली.

कानाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, कागद टेबलावर ठेवला, आणि कसं सुरू करावं ते ठरवत पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात काकांनी चष्मा लावून कागद स्वतःकडे ओढला. त्यावर रेघा होत्या, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या.

"हं," काका म्हणाले. "इथपर्यंत ठीक. इथून मान टाकली. इथून पुढे तर काही नाहीच, दरीत गेलाय." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "कुठलं यंत्र आहे हे? ज्याचं असेल त्याला सांगा, भंगारात द्या."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं.

"काका, ही निळी रेघ म्हणजे तुमचा डावा कान."

काकूंनी श्वास घेतला तो मला ऐकू आला. काकांनी कागदावरून नजर काढली नाही. बोट होतं तिथेच होतं.

"आणि उजवा?" त्यांनी विचारलं.

"ही लाल."

काकांनी दोन बोटं दोन रेघांवर ठेवली आणि सावकाश उजवीकडे नेली, कागदाच्या काठापर्यंत. दोन्ही बोटं बरोबरच खाली उतरली.

"दोन्ही एकाच जागी पडतायत."

"हो. वयाने होतं ते दोन्ही बाजूंना साधारण सारखंच होतं."

"कुठेही फरक नाही?"

"जवळजवळ नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. "म्हणजे जोडी मॅच आहे," ते म्हणाले. डॉक्टर हसावं की नाही ह्या विचारात होते. आमच्यापैकी कुणी नुसते ओठही हलवले नाहीत. मग काकूंकडे न बघता ते म्हणाले, "बोरिवलीला फोन कर. टेम्पो नको, स्पीकर चांगले आहेत म्हणून सांग."